मोटारीच्या दाराची कांच

घरांत कांचेची वस्तु फुटली म्हणजे प्रथम मुलांस बाजूस सारतात, मग सूप आणि केरसुणी येते, आणि शेवटीं ओल्या फडक्यानें फरशी पुसून घेतात. कांच फुटली कीं हात कापावयाचाच, हें शहाणपण आपल्या घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. तसबिरीची कांच, आरसा, कंदिलाची चिमणी या साऱ्या कधीं फुटूं नयेत, एवढीच त्यांच्याविषयीं आपली इच्छा असते. परंतु आतां पुष्कळशा घरांच्या अंगणांत अशी एक कांच येऊन राहिली आहे कीं, ती एके दिवशीं फुटेल हें धरूनच तिची घडण केलेली असते. इतकेंच नव्हे तर ती कशी फुटावी हेंहि कारखान्यांतच ठरविलेलें असतें. ही कांच म्हणजे मोटारीच्या दाराची कांच. ती फुटल्यावर तिच्या जागीं काय बसवावें, तें कोणी बसवावें आणि बसविल्यावर काय पहावें, याचा विचार घरांतील वडील मंडळींनीं एकदां स्वस्थपणें करून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. कारण ज्या दिवशीं ती फुटते त्या दिवशीं स्वस्थपणा कोणाच्याच ठिकाणीं उरलेला नसतो.

वडशाचा रस्ता

वडसा हें गडचिरोली जिल्ह्याचें रेल्वेचें दार. स्टेशनाच्या पाटीवर वडसा आणि नगरपरिषदेच्या पाटीवर देसाईगंज, अशीं या एकाच गांवाचीं दोन नांवें आहेत. गोंदियाहून चंद्रपूर-बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. पश्चिमेस वैनगंगा वाहते, आणि नदी ओलांडली कीं चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरीचा रस्ता लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी दोन्ही तीरांवरील सोयरीक कांहीं तुटली नाहीं. दिवाळी झाली कीं या भागांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या वडशास आहेत, आणि त्यांच्या गाड्या थंडीच्या दिवसांत रात्ररात्र जंगलांतल्या रस्त्यांनीं धांवत असतात. याच सुमारास पुण्यास, मुंबईस किंवा हैदराबादेस नोकरीवर असलेलीं मुलें घरीं येतात. आणि अलीकडे त्यांतल्या एखाद्याजवळ दोन दारांची, बुटकी, जमिनीलगत चालणारी अशी अतिवेगवान मोटार असते. नाटकवाल्यांची जुनी जीप असो कीं ही लक्षावधि रुपयांची मोटार असो, रस्ता मात्र दोघींसहि तोच.

या रस्त्यावर दाराची कांच फुटण्यास निमित्त लहानसेंच पुरतें. मालमोटारीच्या चाकाखालून उडालेला खडा, बांबूच्या गाडीचें मागें आलेलें टोंक, छपरावरून वानरानें लोटलेलें कौल, किंवा अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या हातची विटी, यांपैकीं कोणतेंहि एक कारण घ्या. समोरच्या कांचेस खडा लागला तर तेथें चांदणीसारखा तडा पडतो, आणि ती तशीच आठ-पंधरा दिवस वागविणारे लोकहि आपण पाहतों. दाराच्या कांचेचें तसें नाहीं. ती एक तर अखंड असते, नाहीं तर मुळींच नसते. क्षणांत सारी कांच खडीसाखरेसारख्या दाण्यांचा ढीग होऊन आसनावर आणि दाराच्या पोटांत पडते. तिला सांधणें, चिकटविणें किंवा तडा भरणें हा प्रकारच नाहीं. ती बदलावीच लागते.

ती अशी कां फुटते

याचें उत्तर जुन्या कंदिलापाशीं सांपडतें. पेटलेल्या कंदिलाच्या तापलेल्या कांचेवर थंड पाण्याचा थेंब पडला कीं ती तडकत असे, हें घरांतील वृद्ध मंडळींस आठवत असेल. वरचा थर एकदम निवून आकसूं पाहतो, आणि आंतील गरम थर त्यास आकसूं देत नाहीं. या ओढाताणींत कांच जाते. हीच ओढाताण मुद्दाम, मापून आणि सर्व बाजूंनीं सारखी घडवून आणली म्हणजे मोटारीच्या दाराची कांच तयार होते. प्रथम ती मापास कापतात, कडा घासतात, जीं काय भोकें पाडावयाचीं तीं पाडतात. नंतर ६०० अंश सेल्सियसच्याहि वर तापवून, तिला हवा तो बांक देऊन, दोन्ही बाजूंनीं थंड वाऱ्याचे जोराचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधीं घट्ट होतो. मागाहून निवणारा आंतला भाग आकसतांना त्या थरास आंत खेंचून धरतो. लोहार पोलादास पाणी देतो, तसा येथें कांचेस वारा दिलेला असतो म्हणा ना! बाजारांत हिला टफन्ड कांच म्हणतात.

कांच बहुधा पृष्ठभागावरील बारीक ओरखड्यापासून फुटूं लागते. या कांचेचा पृष्ठभाग चोहोंकडून दाबलेला असल्यामुळें ओरखड्याचें तोंड मिटलेलें राहतें. म्हणून ती साध्या कांचेच्या चार-पांच पट आघात सोसते. परंतु एकदां का एखादें कठीण, टोंकदार निमित्त तो दाबाचा थर भेदून आंतल्या ताणापर्यंत पोंचलें, कीं सांठलेला सारा ताण एकदम मोकळा होतो आणि कांच सर्वांगानें फुटते. मोटारीच्या कांचेसंबंधींच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें अशा फुटलेल्या कांचेच्या पांच सेंटिमीटर लांब-रुंद चौरसांत किमान ४० तुकडे मोजतां आले पाहिजेत. तुकडे जितके अधिक तितके ते लहान आणि बोथट. मनुष्याचा गळा किंवा डोळा त्यांनीं सहसा चिरला जात नाहीं. मात्र याच कारणामुळें ही कांच एकदां तयार झाल्यावर कापतां येत नाहीं आणि तिला भोकहि पाडतां येत नाहीं. कापूं गेल्यास कारागिराच्या हातांत दाणेच राहतील.

ही युक्ति एका दिवसांत सुचलेली नाहीं. वितळलेल्या कांचेचा थेंब पाण्यांत सोडला असतां शेपटी असलेला एक मणि तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो सोसतो, पण शेपटीचें टोंक मोडतांच त्याचा चुरा होतो. हे मणि राजपुत्र रूपर्ट यानें इंग्लंडांत नेले, आणि १६६१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ते परीक्षेस ठेवण्यांत आले. पुढें दोनशें वर्षांनीं, १८७४ सालीं, दे ला बास्ती या फ्रेंच गृहस्थानें तापलेली कांच उष्ण तेला-चरबींत बुडवून ती कणखर करण्याची रीत काढली. समोरच्या कांचेचा इतिहास याहून निराळा आहे. १९०३ सालीं एदुआर बेनेडिक्टुस याच्या प्रयोगशाळेंत एक चंबू खालीं पडला. तो तडकला, पण विखुरला नाहीं, कारण आंत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ पडद्यानें तुकडे धरून ठेवले होते. दोन कांचांमध्यें पारदर्शक पडदा घालून केलेली लॅमिनेटेड कांच ही त्या अपघाताची कन्या होय.

कांचेचा धंदा महाराष्ट्रासहि अपरिचित नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा कांच-कारखाना १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें निघाला. ओगले बंधूंचा कारखाना १९१६ सालीं सुरू झाला, आणि कऱ्हाडाजवळील ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलानें घरोघर उजेड केला. आज त्याच पुणें भागांत, चाकण येथें, मोटारीच्या सुरक्षित कांचा तयार होतात. कंदिलाच्या चिमणीपासून दाराच्या कांचेपर्यंतचा हा प्रवास एका शतकांतला आहे.

बिनचौकटीचें दार

साध्या घरगुती मोटारीच्या दारास वरपर्यंत पत्र्याची चौकट असते, आणि कांच तिच्या खोबणींतून वर-खालीं सरकते. कांच बसविण्यांत केसभर चूक झाली तरी चौकट ती सांभाळून घेते. अतिवेगवान दोनदारी मोटारींपैकीं पुष्कळींत ही चौकटच नसते. दार उघडलें कीं नुसती कांच उभी दिसते; दार लावलें कीं तिची वरची कड छपराच्या रबरांत जाऊन रुतते. हें साधावें म्हणून दाराची मूठ ओढतांच कांच आपोआप सुमारें सेंटिमीटरभर खालीं उतरते, आणि दार लागलें कीं पुन्हां वर चढून रबरांत बसते. विजेची बॅटरी उतरली असेल तर ती खालीं येत नाहीं, आणि अशा वेळीं दार जोरानें ओढल्यास रबर फाटण्याचें किंवा कांच जाण्याचें भय असतें.

शिवाय वेगाचा एक निराळाच त्रास असतो. मोटार भरवेगानें जाऊं लागली म्हणजे बाहेरून वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि कांच बाहेरच्या बाजूस ओढली जाते. जिला चौकटीचा आधार नाहीं अशी कांच रबरावर नीट दाबलेली नसेल, तर शीळ घातल्यासारखा आवाज येऊं लागतो आणि पावसांत पाणी आंत शिरतें. म्हणून अशा कांचेची उंची, तिचें पुढें-मागें सरकणें आणि आंतल्या बाजूचा तिचा कल, हीं तिन्ही मापें मिलिमीटरांत जुळवावीं लागतात.

या दारांपायीं मोठमोठ्या कारखान्यांचीहि तारांबळ उडालेली आहे. १९५४ सालच्या मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएल या मोटारीचीं दारें पक्ष्याच्या पंखांप्रमाणें वर उघडत. त्यांत कांच खालीं उतरण्यास जागाच नव्हती, तेव्हां वारा हवा असल्यास ती हातानें काढून ठेवावी लागे. १९६७ सालच्या पोर्श ९११ आर या शर्यतीच्या मोटारींत वजन वांचविण्यासाठीं बाजूच्या खिडक्यांस प्लास्टिक लाविलें होतें. १९८७ सालच्या फेरारी एफ ४० च्या पहिल्या गाड्यांतहि प्लास्टिकच्या सरकत्या खिडक्या होत्या. नंतरच्या गाड्यांत वर-खालीं होणाऱ्या खिडक्या आल्या. २००२ सालीं सचिन तेंडुलकर यांस फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, तेव्हांपासून असल्या मोटारींचीं नांवें आपल्या घरांतील मुलांच्या तोंडीं बसलीं आहेत. त्यांच्या कांचेचीं दुखणीं मात्र मोटार घरीं आल्यावरच कळतात.

तीन सल्ले आणि आजीचा चौथा

आतां अशी कल्पना करूं कीं, दिवाळीच्या सुट्टींत वडशाच्या एखाद्या वाड्यापुढें पुतण्याच्या नव्या मोटारीची कांच फुटली आहे. एकत्र कुटुंबांत सल्ल्यास कधीं तोटा नसतो. थोरले काका म्हणतात, "अरे, तसबिरीवाल्याकडून मापाची कांच कापून आण, दिवेलागणीच्या आंत काम होईल." धाकटे काका म्हणतात, "कांच कशाला? ॲक्रिलिक लावून टाका, म्हणजे पुन्हां फुटायलाच नको." पुतण्या स्वतः भंगारवाल्यांस फोन करीत असतो. आणि आजी म्हणते, "आधीं त्या पोरांना तिथून उठवा बरें." खरें पाहतां चौघांत आजीचाच सल्ला प्रथम पाळण्यासारखा आहे. बाकीच्यांचा एकेक करून विचार करूं.

तसबिरीची कांच दारांत बसविणें हा पैसे वांचविण्याचा मार्ग नव्हे; तो घरच्या माणसांच्या शेजारीं सुऱ्या टांगून ठेवण्याचा प्रकार आहे. ती सपाट असते, आणि मोटारीची कांच बांकदार. म्हणून ती नीट बसत नाहीं. बसलीच, तर पुढच्या धक्क्यास तिचे लांब, टोंकदार पातींसारखे तुकडे होतात, आणि ते नेमके आसनावरच्या माणसाच्या मानेच्या उंचीवर असतात. कायदाहि तिला परवानगी देत नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमानें मोटारीच्या खिडक्यांस सुरक्षित कांचच असली पाहिजे असें सांगितलें आहे. बाजूच्या कांचेंतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या कांचेंतून किमान ७० टक्के प्रकाश आंत आला पाहिजे असेंहि तोच नियम सांगतो. तेव्हां नवी कांच घेतांना ती फार गडद नाहीं ना, हें पहावें.

ॲक्रिलिक किंवा तत्सम प्लास्टिक शर्यतीच्या गाडीस शोभतें. घरच्या मोटारीस नाहीं. रबरांतून रोज वर-खालीं होतां होतां धुळीनें त्यावर ओरखडे उठतात, आणि रात्रीं समोरच्या गाडीचा दिवा त्यावर पडला कीं सगळें धुरकट दिसूं लागतें. "फुटत नाहीं" हा धाकट्या काकांना वाटणारा गुणहि प्रसंगीं मोठा दोष ठरतो. त्याविषयीं पुढें लिहितों.

भंगारांतली कांच मात्र सर्वस्वी त्याज्य नाहीं. ती त्याच कंपनीच्या, त्याच नमुन्याच्या आणि त्याच वर्षांच्या घडणीच्या मोटारीची असेल, कडेस कोठेंहि टवका उडालेला नसेल आणि वर ओरखडे नसतील, तर ती चालते. टफन्ड कांचेचें मर्म तिच्या कडेंत असतें. पृष्ठभागावर हातोडी सोसणारी कांच कडेच्या एका टवक्यानें महिन्यांनंतर, उन्हांत उभी असतांना, कोणीहि हात न लावतां फुटूं शकते. म्हणून जुनी कांच घेतांना साऱ्या कडेवरून जाड हातमोज्यानें बोट फिरवून पहावें.

पहिला तास

कांच फुटल्यावर पहिलें काम म्हणजे खिडकीचें बटण न दाबणें. दाराच्या पोटांत पडलेले दाणे यंत्रांत अडकले तर कांचेबरोबर मशीनहि जातें. दुसरें काम, फुटलेल्या स्थितीचीं छायाचित्रें काढून ठेवणें; विम्याच्या कामीं तीं लागतात. त्यानंतर जाड हातमोजे व चष्मा घालून मोठे दाणे उचलावे, आणि उरलेले व्हॅक्यूम यंत्रानें ओढून घ्यावे. ओल्या फडक्यानें आसन पुसूं नये, कारण बारीक कण त्यामुळें कापडांत किंवा चामड्यांत अधिकच रुततात. लहान मूल असलेल्या घरांत त्याची बैठक मोटारींतून काढून अंगणांत झटकावी. तिच्या पट्ट्यांच्या घड्यांत दाणे लपलेले असतात.

मग खिडकी प्लास्टिकच्या जाड कापडानें झांकावी. चिकटपट्टी रंगावर लावावयाची तर कागदी लावावी. पेट्या बांधण्याची पट्टी उन्हांत तापून रंगास धरून बसते आणि काढतांना रंग घेऊन येते. अशी झांकलेली मोटार सावकाश चालवितां येते. पण भरवेगानें चालवूं नये, आणि रात्रीं उघड्यावर ठेवूं नये.

कांच मागवितांना मोटारीचा सांगाड्यावरील क्रमांक कळवावा. एकाच नमुन्याच्या मोटारींत कांचा वेगवेगळ्या असतात; कोणांत आवाज अडविणारी, कोणांत उष्णता अडविणारी, कोणांत उजवीकडची व डावीकडची यंत्रें निराळीं. साध्या मोटारीची कांच नागपुरास लवकर मिळते. परदेशीं बनलेल्या मोटारीची मात्र समुद्रापलीकडून यावयाची असते, आणि तिला कांहीं आठवडे लागूं शकतात. इतके दिवस मोटार आच्छादून ठेवणें पुतण्यास जड जाईल. परंतु भलती कांच बसवून ती रस्त्यावर काढण्यापेक्षां हें बरें.

कारागिराचें काम

जाणता कारागीर प्रथम बॅटरी सोडवितो. कारण या मोटारींच्या दारांत हवेच्या पिशव्यांचे व आघात ओळखणाऱ्या उपकरणांचे धागे असतात. मग तो दाराचें आंतलें आवरण काढतो. त्याखालीं पाणी अडविणारा एक पातळ पडदा चिकटविलेला असतो. घाईचा कारागीर तो फाडून टाकतो. जाणता तो सावकाश सोडवितो आणि काम झाल्यावर पुन्हां पूर्ववत् चिकटवितो. या पडद्याचें महत्त्व पाण्यापुरतेंच नाहीं. कांहीं मोटारींत दारावर आघात झाला हें दाराच्या पोटांतील हवेचा दाब वाढल्यावरून ओळखतात. तेथें आंतलीं छिद्रें नीट बंद नसतील तर हवेची पिशवी वेळेवर उघडणार नाहीं.

त्यानंतर दाराचें पोट साफ करावयाचें. हें काम कंटाळवाणें असतें आणि म्हणूनच तें अर्धवट राहतें. दाराच्या तळाशीं पाणी जाण्याचीं बारीक छिद्रें असतात. दाणे त्यांत बसले म्हणजे पावसाळ्यांत पाणी सांचून दार आंतून गंजतें. मालकानें येथें स्वतः उभें राहावें, दार हातानें दोन-चार वेळां हलवून पहावें, आणि खुळखुळ आवाज आला तर विनयानें पण निश्चयानें पुन्हां साफ करावयास सांगावें.

नवी कांच मशीनच्या पकडींत बसवून तिचे बोल्ट नेमून दिलेल्या जोरानेंच आवळावे लागतात. सैल राहिल्यास ती डगमगते. अति आवळल्यास त्या ठिकाणीं ताण पडून ती पुढें फुटते. मग बिनचौकटीच्या दाराचीं तीं तीन मापें जुळविणें आलें. कारागीर एक कागदाची पट्टी रबर आणि कांच यांच्यामध्यें धरून दार लावतो आणि ती ओढून पाहतो. सगळीकडे ती सारख्याच जोरानें निघाली पाहिजे. एके ठिकाणीं सहज सुटली तर तेथून वारा येणार. शेवटीं बॅटरी जोडून कांच पूर्ण वर आणि पूर्ण खालीं नेऊन यंत्रास तिच्या दोन्ही सीमा पुन्हां शिकवाव्या लागतात. हें न केल्यास मूठ ओढल्यावर कांच खालीं उतरत नाहीं, आणि मधें बोट सांपडल्यास थांबण्याचा जो गुण त्या यंत्रांत असतो तोहि भरंवशाचा राहत नाहीं.

मोटार ताब्यांत घेतांना नळीनें पाणी सोडून पहावें, आणि मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून कान देऊन ऐकावें. मग कांचेच्या कोपऱ्यावरील ठसा वाचावा. भारतीय कांचेवर मानक संस्थेचा आयएसआय शिक्का असतो. युरोपीय कांचेवर वर्तुळांत ई हें अक्षर व देशाचा अंक, आणि जवळच ४३ आर असें लिहिलेलें असतें. कांच टफन्ड आहे कीं लॅमिनेटेड, हेंहि बहुधा तेथेंच कळतें. ज्या कांचेवर कसलाच ठसा नाहीं ती घेऊं नये.

खिडकी हेंही एक दार आहे

टफन्ड कीं लॅमिनेटेड या प्रश्नाशीं घरांतल्या बायका-मुलांस काय करावयाचें, असें कोणी विचारील. वैनगंगेच्या कांठीं राहणाऱ्यांनीं तरी तो विचारूं नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणांतून सोडलेल्या पाण्यानें वैनगंगेस महापूर आला, आणि दोन्ही तीरांवरील कितीतरी गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. पुलावरून पाणी वाहत असतां मोटार घालूं नये, हा पहिला आणि शेवटचा नियम. तथापि मोटार पाण्यांत सांपडलीच, तर बाहेरच्या दाबानें दार उघडत नाहीं. खिडकीचें यंत्र प्रथम थोडा वेळ चालतें. तेवढ्यांत पट्टे सोडून कांच खालीं करावी आणि मुलांस आधीं बाहेर काढावें. कांच उतरत नसेल तर ती फोडावी लागते, आणि तीहि दाराचीच, समोरची नव्हे. टफन्ड कांचेच्या मध्यावर न मारतां खालच्या कोपऱ्याजवळ टोंकदार हातोडीनें मारलें असतां ती तत्काळ दाणे होऊन पडते. काकांचें ॲक्रिलिक येथें कोंडून घालतें, तें असें.

परंतु अलीकडे पुष्कळ महाग मोटारींत बाजूसहि लॅमिनेटेड कांच असते. तिनें बाहेरचा आवाज कमी होतो, आणि मोटार उलटली असतां माणूस खिडकींतून बाहेर फेंकला जात नाहीं. हे गुण लहान नव्हेत. मात्र तिची दुसरी बाजू अमेरिकेंतील मोटार-मालकांच्या एए‌ए या संस्थेनें २०१९ सालीं दाखवून दिली. कांच फोडण्याचीं सहा साधनें तिनें तपासलीं; त्यांपैकीं चारांनीं टफन्ड कांच फोडली, पण लॅमिनेटेड कांच एकानेंहि फोडतां आली नाहीं. म्हणून आपल्या मोटारीच्या कोणत्या खिडकीस कोणती कांच आहे, हें घरांतील प्रत्येकास माहीत असावें. आणि बदलतांना मूळची जी असेल तीच बसवावी. टफन्डच्या जागीं लॅमिनेटेड बसविली आणि कोणास सांगितलें नाहीं, तर वेळेवर हातोडी चुकीच्या कांचेवर पडेल.

खर्च आणि विमा

केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा उतरलेला असेल तर कांचेचा खर्च आपल्यासच सोसावा लागतो. सर्वंकष विमा असल्यास तो मिळतो, आणि कांचेच्या किंमतींतून घसारा कापीत नाहींत. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र निम्मी रक्कम कापतात. दुरुस्ती सुरू करण्यापूर्वीं कंपनीस कळवावें, नंतर नव्हे. परंतु मागणी करण्यापूर्वीं एक हिशेब कागदावर मांडावा. एक वर्ष विना-मागणी गेलें तर पुढच्या हप्त्यांत २० टक्के सूट मिळते, आणि ती वाढत वाढत पांच वर्षांनीं ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका मागणीनें ती सहसा हातची जाते. साध्या मोटारीची कांच स्वस्त असते. तेव्हां तिच्यासाठीं सूट घालविणें तोट्याचें ठरूं शकेल. परदेशी मोटारीच्या कांचेचा हिशेब बहुधा उलट निघतो.

हें सारें वाचून एखाद्यास वाटेल कीं, एका कांचेचा केवढा हा प्रपंच! परंतु ही कांच ज्या आसनाशेजारीं आहे तेथें आपलीं मुलें बसतात, आणि त्यांतलें सर्वांत धाकटें नेमका खिडकीजवळचाच हट्ट धरतें. म्हणून येत्या रविवारीं आमच्या वाचकांनीं एवढें करावें. घरांतील मंडळींस अंगणांत बोलवावें, मोटारीच्या चारी खिडक्यांच्या कोपऱ्यांवरील ठसे मोठ्यानें वाचून घ्यावे, आणि टोंकदार हातोडी कोठें ठेवली आहे तें आजीपासून नातवापर्यंत सर्वांस दाखवावें. कामास दहा मिनिटें पुरतात, आणि त्यास खर्च कांहींच नाहीं.